शेजारच्या मशीनला विचारा

आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ३६ मशीन आहेत. गेल्या टर्ममध्ये एका मंगळवारी फिजिक्सच्या सरांनी अपवर्तनाचा एक व्हिडिओ सगळ्या वर्गाला एकाच पीरियडमध्ये बघायला सांगितला. व्हिडिओ साधारण ३०० एमबीचा होता. ३६ जणांनी एकाच वेळी क्लिक केले आणि ३६ पडद्यांवर ३६ चक्रे गोल गोल फिरू लागली. माझ्या पडद्यावर प्रकाशाचा किरण काचेच्या ठोकळ्यात शिरला आणि तिथेच अडकला. तो बाहेर कसा पडला ते बेल होईपर्यंत मला कळले नाही. सर म्हणाले, "आज नेट स्लो है." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण हे वाक्य आमच्याकडे सकाळच्या पीटीइतके नियमित आहे.

त्या रात्री प्रेपमध्ये मी गणिताच्या रफ वहीत हिशेब मांडला. ३०० एमबी म्हणजे २,४०० मेगाबिट. ३६ मशीनचे मिळून ८६,४०० मेगाबिट. आमच्या लॅबला येणारी लाइन सेकंदाला ४० मेगाबिटची आहे, असे लॅबच्या सरांनी सांगितले होते. भागाकार केला तर २,१६० सेकंद, म्हणजे बरोबर ३६ मिनिटे. आमचा पीरियड ४० मिनिटांचा. त्यात पहिली चार-पाच मिनिटे रांगेत आत येण्यात आणि पासवर्ड विसरण्यात जातात. म्हणजे सगळे सुरळीत झाले असते तरी व्हिडिओ शेवटपर्यंत बघणे कोणालाच जमले नसते.

मग दुसरा भागाकार केला. तोच व्हिडिओ शाळेच्या गेटमधून एकदाच आत आला असता तर? २,४०० भागिले ४०, म्हणजे ६० सेकंद. पुढचे सगळे काम लॅबमधल्या लॅबमध्ये. आमच्या मशीन ज्या केबलने एकमेकींना जोडल्या आहेत ती सेकंदाला १,००० मेगाबिट नेऊ शकते. ती केबल त्या मंगळवारी जवळजवळ रिकामी पडून होती. माझ्या डावीकडच्या मशीनकडे व्हिडिओचा जो भाग होता तोच मी शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरकडे मागत होतो. शेजाऱ्याकडे साखर असताना वाटी घेऊन थेट कारखान्यात जावे, तसा हा प्रकार.

माझे मत एका वाक्यात सांगता येते. लॅबमधल्या मशीनना एकमेकींना फाइल देण्याची परवानगी असावी, आणि ती ब्राउझरमधून असावी. या तंत्राला पीअर-टू-पीअर म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. कोणी देणारा आणि कोणी फक्त मागणारा असे नाही, सगळे दोन्ही कामे करतात. हा लेख मी आधी इंग्रजी विभागाला दिला होता, पण 'टू टेक्निकल' अशा शेऱ्यासह तो परत आला. मराठी पानाला लेख कमी पडत होते. म्हणून आता तो तुमच्या वाट्याला.

हे तंत्र आम्ही आमच्या डॉर्मिटरीत नकळत वापरलेले आहे. आमच्या हाऊसमधल्या एका मराठी सीनिअरने (ज्याला आम्ही रविवारी दादा आणि बाकी सहा दिवस सर म्हणतो) पास आउट होताना केमिस्ट्रीच्या हाताने लिहिलेल्या नोट्स आम्हाला दिल्या. वही एक, पाने ४८, आम्ही २४ जण, परीक्षेला चार दिवस. पहिल्या दिवशी वही एकाच कॉटवर होती आणि बाकीचे २३ जण त्याच्या मागे रांगेत. रात्री लाइट्स आउटपर्यंत दोन जणांचे लिहून झाले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी वहीच्या पिना काढल्या आणि प्रत्येकाला दोन-दोन पाने वाटली. ज्याचे लिहून होईल त्याने आपली पाने शेजाऱ्याला द्यायची आणि त्याची घ्यायची. मूळ पान मोकळे नसेल तर दुसऱ्याने उतरवलेल्या पानावरून उतरवायचे. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या नोट्स पूर्ण झाल्या.

जवळजवळ म्हणतो, कारण दोन घोटाळे झाले. पान १७ ज्याच्याकडे होते त्याला गालगुंड झाले आणि तो पानासह एमआय रूममध्ये दाखल झाला. त्या पानाची दुसरी प्रत कोणीच केली नव्हती. दुसरा घोटाळा म्हणजे एकाने एका समीकरणात २ चा आकडा गाळला, आणि त्याच्या प्रतीवरून सात जणांनी तीच चूक इमानदारीने उतरवली.

ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ मध्ये बिटटोरेंट तयार केले तेव्हा त्याच्यासमोर हेच दोन प्रश्न असणार, फक्त गालगुंडाशिवाय. बिटटोरेंट फाइलचे तुकडे करते. मशीन एकमेकींना विचारतात, तुझ्याकडे कोणते तुकडे आहेत? आणि जो तुकडा सगळ्यांत कमी जणांकडे आहे तो आधी मागवला जातो. म्हणजे पान १७ सर्वांत आधी उतरवायचे, त्याचा मालक आजारी पडायच्या आत. चुकीच्या प्रतीवरही उपाय आहे. प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा असतो, त्याला हॅश म्हणतात. तुकड्यातले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पार वेगळा येतो. मूळ ठशांची यादी आधीच हातात असते. आलेला तुकडा यादीशी जुळला नाही तर मशीन तो फेकून देते आणि दुसऱ्याकडे मागते. तुकडा कोणी दिला याला महत्त्व उरत नाही. देणारा अनोळखी असो वा लबाड, खोटा तुकडा खपत नाही. मला स्वतःला या सगळ्या तंत्रातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

यात ब्राउझर कुठे आला? बिटटोरेंटसाठी वेगळा प्रोग्राम टाकावा लागतो. आमच्या लॅबमध्ये काहीही इन्स्टॉल करायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण ब्राउझर प्रत्येक मशीनवर आधीपासूनच असतो. अडचण एवढीच की ब्राउझरला वर्षानुवर्षे फक्त मागायला शिकवले गेले. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला तेव्हा त्यात पाने वाचताही येत आणि लिहिताही येत. त्यांच्या ज्या मशीनवर जगातला पहिला वेब सर्व्हर चालत असे, तिच्यावर ही मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका, अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली होती. पुढे सगळे जग त्या चिठ्ठीसारखेच झाले. एका बाजूला कधीही बंद करायची नाही अशी मशीन आणि दुसऱ्या बाजूला तिच्याकडे हात पसरून बसलेले आपण सगळे.

२०११ मध्ये गूगलने वेबआरटीसी नावाचे तंत्र सर्वांसाठी खुले केले. २६ जानेवारी २०२१ रोजी त्याला जागतिक मानकाचा दर्जा मिळाला. (तारीख लक्षात राहायला आपल्याला अडचण नाही.) वेबआरटीसीमुळे एक ब्राउझर दुसऱ्या ब्राउझरशी थेट बोलू शकतो. आवाज, चित्र आणि फाइलचे तुकडेसुद्धा पाठवू शकतो, तेही सांकेतिक स्वरूपात, वाटेत कोणाला वाचता येऊ नये असे. ब्राउझरमधले बरेच व्हिडिओ कॉल याच तंत्रावर चालतात. फेरॉस अबूखदिजेह या प्रोग्रामरने बिटटोरेंटची पद्धत आणि वेबआरटीसी एकत्र करून वेबटोरेंट बनवले. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेचे पीअरट्यूब हे व्हिडिओचे सॉफ्टवेअरही याच वाटेने जाते. एकच व्हिडिओ एकाच वेळी बघणाऱ्यांचे ब्राउझर आपापसांत तुकडे वाटून घेतात आणि सर्व्हरवरचा भार हलका होतो. आमचा मंगळवारचा पीरियड म्हणजे नेमकी हीच परिस्थिती.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण मलाही तो होता. पीअर-टू-पीअर म्हणजे सर्व्हर अजिबात नको, असे नाही. दोन ब्राउझर आपणहून एकमेकांना शोधू शकत नाहीत. त्यांची ओळख करून द्यायला एक सर्व्हर लागतो. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखे त्याचे काम. पत्ते द्यायचे, पहिली भेट घडवायची आणि बाजूला व्हायचे. संसार पुढे त्या दोघांचा.

पत्त्यांची भानगड मात्र मोठी आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. माणसेच ८०० कोटींवर गेली, त्यात एकेकाकडे दोन-दोन उपकरणे. म्हणून घरोघरचा राउटर एक युक्ती करतो. बाहेर एकच पत्ता दाखवतो आणि आतल्या सगळ्यांना खासगी पत्ते देतो. राउटर हा गेटवरचा संत्री समजा. आतल्या कोणी बाहेर पत्र पाठवले तर तो रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि उत्तर आले की योग्य माणसाकडे पोहोचवतो. पण न मागता आलेला पाहुणा दिसला की, "किससे मिलना है? नाम नहीं है लिस्ट में," आणि पाहुणा परत. आता दोन वेगवेगळ्या घरांतल्या ब्राउझरना थेट बोलायचे असेल तर दोघेही परस्परांसाठी न बोलावलेले पाहुणे ठरतात. यावर उपाय असा की मध्यस्थ दोघांनाही एकमेकांचा बाहेरचा पत्ता सांगतो आणि दोघे एकाच वेळी पत्र धाडतात. दोन्ही संत्र्यांच्या रजिस्टरमध्ये आपापल्या माणसाची नोंद झालेली असते, त्यामुळे समोरून आलेले पत्र त्यांना उत्तरच वाटते आणि ते आत सोडतात. हे ऐकल्यावर मी मोठ्याने हसलो होतो, कारण आउट पासच्या बाबतीत अशीच एक युक्ती आमच्या सीनिअर बॅचने केली होती. तिचा तपशील इथे देत नाही. काही संत्री या युक्तीलाही फसत नाहीत. तेव्हा सगळी बातचीत मधल्या एखाद्या सर्व्हरमार्फतच न्यावी लागते.

लॅबमध्ये यातले काहीच लागत नाही. ३६ मशीन एकाच गेटच्या आत आहेत.

कोणी म्हणेल की ही शाळकरी पोरांची हौस आहे. तसे नाही. ट्विटरकडे हजारो सर्व्हर होते आणि नवा कोड आला की तो प्रत्येक सर्व्हरवर पोहोचवावा लागे. सगळे सर्व्हर एकाच ठिकाणाहून मागत, तेव्हा त्यांची गत आमच्या फिजिक्सच्या पीरियडसारखी होई. २०१० मध्ये त्यांनी बिटटोरेंट वापरून सर्व्हरनाच एकमेकांना कोड वाटायला लावले. या प्रणालीचे नाव ठेवले मर्डर. घाबरू नका, कावळ्यांच्या थव्याला इंग्रजीत तेच म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० मध्ये २०१५ पासून अशी सोय आहे की एका मशीनने उतरवलेला अपडेट त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनला देता येतो. म्हणजे मी जे मागतो आहे ते आमच्याच मशीनच्या सेटिंगमध्ये एका बटणामागे बसलेले आहे.

सैनिकी शाळेत हा विचार परका वाटायचे कारण नाही. रेडिओ प्रोसीजरमध्ये दोन प्रकारचे नेट असतात. डायरेक्टेड नेटमध्ये एका स्टेशनला दुसऱ्याशी बोलायचे तर आधी कंट्रोलची परवानगी घ्यावी लागते. फ्री नेटमध्ये स्टेशने थेट एकमेकांना बोलावतात. पण फ्री नेटमध्येही कंट्रोल असतोच आणि शिस्तीची जबाबदारी त्याच्याकडेच राहते. कोणता नेट केव्हा वापरायचा हे परिस्थिती पाहून ठरते. आमच्या लॅबमध्ये डायरेक्टेडच्याही पुढची पायरी आहे. तिथे स्टेशनांनी एकमेकांशी बोलायचेच नाही.

१९६४ मध्ये रँड या अमेरिकन संस्थेतल्या पॉल बॅरन यांनी आपल्या अहवालात जाळ्यांच्या तीन आकृत्या दिल्या होत्या. पहिलीत सगळे धागे एका केंद्राला जोडलेले. दुसरीत अनेक छोटी केंद्रे. तिसरीत मासेमारीच्या जाळ्यासारखी वीण, जिथे प्रत्येक गाठ शेजारच्या गाठींना जोडलेली. अणुहल्ला झाला तरी संदेश पोहोचावा हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तर तिसरी आकृती होते. (क्विझमध्ये आपण छातीठोक सांगतो की इंटरनेट अणुयुद्धासाठी बनले. अर्पानेट मुख्यतः निरनिराळ्या ठिकाणच्या संशोधकांना एकमेकांची कॉम्प्युटर वापरता यावीत म्हणून बांधले गेले. युद्धाचा विचार बॅरन यांचा होता. पुढच्या क्विझला लक्षात ठेवा.) आणि आज आपण पुन्हा पहिल्या आकृतीत येऊन बसलो आहोत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यात दुरुस्तीच्या कामात चूक झाली आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. कोणी बाँब टाकला नव्हता.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. पहिला मी स्वतः सोसला आहे. मागच्या महिन्यात एका शनिवारी हॉबी पीरियडमध्ये, लॅबच्या सरांच्या परवानगीने, आम्ही दोघांनी चार मशीनवर हा प्रयोग केला. आधी मशीन एकमेकींना सापडेनात, कारण शेजारच्या मशीनशी बोलू द्यायचे नाही अशी सेटिंग स्विचमध्येच होती. सरांनी एका रांगेपुरती ती काढली. ओळख करून देणारा प्रोग्राम सरांच्या मशीनवर ठेवला. चौथ्या मशीनचे बाहेरचे नेट आम्ही मुद्दाम बंद केले होते. तरी तिच्यावर तो अपवर्तनाचा व्हिडिओ अख्खा उतरला आणि प्रकाशाचा किरण एकदाचा काचेतून बाहेर पडला. तेवढ्यात राउंडवर आलेल्या एका वरिष्ठांना पडद्यावर 'टोरेंट' हा शब्द दिसला. प्रयोग तिथेच थांबला. पुढचे दोन शनिवार आमचा हॉबी पीरियड लायब्ररीत गेला आणि माझ्या हाऊस मास्टरांनी मला विचारले, "पिक्चर डाउनलोड कर रहे थे क्या?"

त्यांचा राग मला समजतो. टोरेंट या शब्दाला चोरीचा वास आहे आणि तो उगाच लागलेला नाही. त्याआधी १९९९ साली आलेल्या नॅपस्टरवरून लोकांनी इतकी गाणी फुकट वाटली की कोर्टाच्या आदेशांमुळे २००१ मध्ये ते बंद पडले. टोरेंटवर चित्रपटांचेही तेच झाले. पण उबुंटू आणि डेबियन ही लिनक्सची वाटपे आपल्या अधिकृत पानावरून टोरेंट देतात. इंटरनेट आर्काइव्ह हे डिजिटल ग्रंथालय २०१२ पासून आपला साठा टोरेंटने देते. रायफलने गुन्हा करता येतो म्हणून शाळेने फायरिंग बंद केलेले नाही. रायफल कोतमध्ये कुलपात असते, रजिस्टरवर सही करून मिळते, रेंजवरच चालते आणि मोजून परत जाते. मी टोरेंटसाठी तेवढेच मागतो, एक कोत आणि एक रजिस्टर.

दुसरा आक्षेप मला कोणी घेतला नाही, पण घ्यायला हवा होता, कारण तो जास्त खरा आहे. मशीनना एकमेकींशी बोलू दिले तर रोगही पसरतो. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, आणि एका मशीनमधून त्याच नेटवर्कच्या दुसऱ्या मशीनमध्ये तो कोणी काहीही क्लिक न करता शिरत होता. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांना रुग्ण परत पाठवावे लागले. विंडोजच्या ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो घातला नाही ते सापडले. म्हणून स्विचमधली ती सेटिंग सरसकट काढा असे मी म्हणणार नाही. प्रयोगाच्या दिवशी मी तसे म्हणालो होतो, पण वॉनाक्रायबद्दल वाचल्यावर मत बदलले. सेटिंग फक्त लॅबच्या आत, फक्त ब्राउझरच्या या कामापुरती सैल व्हावी, आणि ती सैल करण्याआधी ३६ मशीनचे अपडेट पूर्ण असावेत. ब्राउझरचा एक फायदा इथे होतो. वेबपानाला मशीनवरच्या इतर फाइलींना परस्पर हात लावता येत नाही. पण हेच त्याचे दुखणेही आहे. टॅब बंद झाला की देणेही बंद. बेल वाजायच्या आधीच टॅब बंद करणारे आमच्या वर्गात किमान दहा जण आहेत. आपला व्हिडिओ झाला की टॅब उघडा ठेवून शेजाऱ्याला देत राहायचे, हे कोणतीही सेटिंग शिकवणार नाही.

तिसरा मुद्दा थोडा घरचा आहे. आपल्यापैकी अनेकांचे वडील फौजेत आहेत. रविवारी फोन हातात मिळतो तेव्हा आपण व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करतो. दोघांमधला असा कॉल शक्य असेल तेव्हा थेट, म्हणजे पीअर-टू-पीअर जातो. त्याने आवाज लवकर पोहोचतो आणि चित्र स्वच्छ दिसते. पण थेट जोडणीत दोन्ही टोकांना एकमेकांचा आयपी पत्ता कळू शकतो, आणि आयपी पत्त्यावरून माणूस साधारण कोणत्या भागात आहे याचा अंदाज बांधता येतो. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये कॉलमध्ये आयपी पत्ता लपवण्याची सेटिंग दिली. ती चालू केली की कॉल त्यांच्या सर्व्हरमार्फत जातो. बोलणे सांकेतिकच राहते, मात्र आवाज थोडा उतरू शकतो. मी माझ्या फोनवर ती चालू केली आहे आणि बाबांनाही करायला सांगितली. त्यांनी ती आधीच केलेली होती. वर म्हणाले, "तुला आज कळलं होय?"

ज्या तंत्राची मी एवढी वकिली करतो ते मी स्वतःच्या फोनवर बंद करून ठेवले आहे, यावर माझा मित्र मला चिडवतो. मला यात विसंगती दिसत नाही. लॅबमध्ये समोरचा कोण आहे, कुठे बसला आहे, हे मला डोळ्यांनी दिसते. त्याच्यापासून लपवण्यासारखे काही नाही आणि मधला सर्व्हर फक्त वेळ खातो. बाबांच्या बाबतीत मधला सर्व्हर पडद्याचे काम करतो, आणि त्यासाठी चित्र थोडे अडखळले तरी चालेल. स्काइप २००३ मध्ये सुरू झाले तेव्हा वापरणाऱ्यांच्याच मशीनवर उभे होते. पुढे मोबाइल आले, बॅटरी आणि डेटा वाचवणे आले, आणि स्काइप हळूहळू कंपनीच्या सर्व्हरवर गेले. थेट बोलणे प्रत्येक वेळी चांगले असते तर त्यांनी तसे केले नसते.

लॅबसाठीचा माझा अर्ज एका पानाचा आहे. सरांनी यादीत घातलेल्या फाइलीच वाटल्या जातील. प्रत्येक फाइलचा हॅश यादीत लिहिलेला असेल. ओळख करून देणारा प्रोग्राम सरांच्या मशीनवर राहील आणि पीरियड संपला की बंद होईल. लॅबच्या बाहेर एकही तुकडा जाणार नाही. कोणत्या मशीनने काय घेतले आणि काय दिले याची नोंद राहील. सुरुवातीला एक रांग, सहा मशीन, एक महिना. फाइली तीन: अपवर्तन, मानवी डोळा आणि विद्युतप्रवाह.

अर्ज सरांच्या टेबलावरून परत आला तेव्हा त्याच्या समासात पेन्सिलने लिहिलेले होते, "पॉइंट २: हॅश कौन चेक करेगा?" मी उत्तर लिहिले की आलेला प्रत्येक तुकडा ब्राउझर आपोआप तपासतो, त्यासाठी माणूस लागत नाही. अर्ज पुन्हा परत आला. या वेळी 'यादीत' या शब्दाखाली रेघ मारली होती आणि पुढे फक्त प्रश्नचिन्ह होते. दोन दिवस मला ते समजले नाही. मग लक्षात आले. तुकडे यादीशी जुळतात की नाही हे ब्राउझर तपासेल, पण यादीच चुकीची असेल तर? २ चा आकडा गाळलेले पानच कोणी मूळ म्हणून यादीत घातले तर ३६ मशीन तीच चूक अगदी बिनचूक वाटतील. मी आता दुरुस्ती केली आहे: यादी सर करतील, ड्यूटी कॅडेट मूळ फाइलशी ताडून बघेल, खाली दोघांच्या सह्या. अर्ज सोमवारी तिसऱ्यांदा देणार आहे.